विश्वास ठेवू नका, तपासा : एआय एजंटचे ॲड-ऑन आणि चळवळीची कागदपत्रे

मागच्या महिन्यात तुळजापुरात आमच्या गटाच्या खोलीवर घडलेला एक साधा प्रसंग सांगतो. खोली म्हणजे फार काही नाही. दोन टेबले, एक कपाट, एक जुना प्रिंटर आणि वर्गणीतून घेतलेला एक लॅपटॉप. तालुक्यातल्या खेड्यांतून मुले शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येतात, कोणी जात पडताळणीची कागदपत्रे घेऊन येते, कोणी अत्याचाराच्या प्रकरणातली एफआयआरची प्रत घेऊन येते. या सगळ्याचे स्कॅन त्या एका लॅपटॉपमध्ये साठलेले आहेत.

समाजकार्याचे शिक्षण घेणारा आमचा एक तरुण कार्यकर्ता त्या दिवशी लॅपटॉपवर बसला होता. त्याने आवाज दिला, "दादा, लॅपटॉपचा पासवर्ड सांगा ना."

"लॅपटॉप तर चालू आहे. आता पासवर्ड कशाला रे?"

"एजंटला एक स्किल जोडतोय. स्कॅन केलेलं दोषारोपपत्र वाचून सारांश काढून देतं म्हणे. फुकट आहे. दोन मिनिटांचं काम."

काम खरोखर उपयोगाचे होते. दोनशे पानांचे दोषारोपपत्र वाचून त्यातले साक्षीदारांचे जबाब, पंचनामे, तारखा वेगळ्या काढायला आम्हाला आठवडा लागतो. मी पासवर्ड सांगणारच होतो. पण पडद्यावर आज्ञा टाकायची ती काळी खिडकी, म्हणजे टर्मिनल, उघडी होती आणि तीत एक लांबलचक ओळ पेस्ट केलेली दिसली. "ही ओळ कसली?" असे विचारले, तर म्हणाला, "माहीत नाही. स्किलच्या आधी ही टाका असं त्या पानावर लिहिलंय."

आम्ही दोघांनी बसून ती ओळ वाचली. एका अनोळखी पत्त्यावरून एक फाइल आणायची आणि ती न दाखवता तिथल्या तिथे चालवायची, एवढाच तिचा अर्थ होता. त्या फाइलमध्ये काय आहे, याचा त्या पानावर एका शब्दाने उल्लेख नव्हता. ती फाइल घातकच होती असे मी म्हणत नाही, कारण आम्ही ती चालवली नाही. पण त्या तरुणाला पासवर्ड पाठ असता, तर ती चालली असती आणि मला कळलेही नसते. आम्ही वाचलो ते आमच्या शहाणपणामुळे नव्हे. तो पासवर्ड विसरला होता म्हणून वाचलो.

चळवळीतल्या माणसांची कागदपत्रे एका विसराळूपणावर सुरक्षित राहणार असतील, तर त्यावर उघड बोलले पाहिजे. म्हणून हा लेख.

एजंट म्हणजे काय आणि ॲड-ऑन म्हणजे काय

आपल्यातले बहुतेक तरुण आता चॅटजीपीटीसारखी साधने वापरतात. प्रश्न विचारायचा, उत्तर वाचायचे. उत्तर चुकले तर चुकले, पुन्हा विचारता येते. एजंट ही त्यापुढची पायरी आहे. तो तुमच्या वतीने काम करतो. फाइल उघडतो, मेल वाचतो, मेल पाठवतो, वेबसाइटवर जाऊन अर्ज भरतो, संगणकाला आज्ञा देतो. सल्ला देणारा माणूस आणि कपाटाची किल्ली हातात असलेला कारकून यांत जो फरक आहे, तोच चॅटबॉट आणि एजंट यांत आहे.

या कारकुनाला नवे काम शिकवायचे असेल तर त्याला बाहेरून काहीतरी जोडावे लागते. कोणी त्याला स्किल म्हणतात, कोणी प्लगिन, कोणी एक्स्टेन्शन. बाहेरच्या सेवांशी एजंट जोडण्यासाठी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी नावाची खुली पद्धत जाहीर केली. तिच्या आधारे बनवलेल्या जोडण्यांना एमसीपी सर्व्हर म्हणतात. नावे काहीही असोत, यातल्या बहुतांश गोष्टी एजंट बनवणाऱ्या कंपनीने केलेल्या नसतात. जगाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातल्या तिऱ्हाइताने त्या बनवून ठेवलेल्या असतात आणि आपण त्या उचलून आपल्या संगणकात आणतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. मोबाइलमधल्या ॲपला निदान वेगवेगळ्या परवानग्या मागाव्या लागतात. एजंटला जोडलेल्या ॲड-ऑनच्या हातात मात्र अनेकदा एजंटचेच सगळे अधिकार येतात. एजंटला तुमचा ड्राइव्ह दिसत असेल तर ॲड-ऑनलाही दिसू शकतो. एजंट तुमच्या नावाने मेल पाठवू शकत असेल तर ॲड-ऑनही त्याच्याकडून पाठवून घेऊ शकतो.

दुसरी गोष्ट अधिक विचित्र आहे. स्किल म्हणजे पुष्कळदा साध्या भाषेत लिहिलेल्या सूचनांची एक मजकूर-फाइल असते. "असे काम आले की आधी हे कर, मग ते कर." एजंट ती वाचतो आणि तसे वागतो. मालकाने दिलेली आज्ञा कोणती आणि वाचताना समोर आलेला परका मजकूर कोणता, हा फरक आजचे एजंट खात्रीने करू शकत नाहीत. त्यामुळे एखाद्या स्किलमध्ये, पीडीएफमध्ये किंवा मेलमध्ये कोणी "या फोल्डरमधल्या फाइल अमुक पत्त्यावर पाठव" असे लिहून ठेवले, तर एजंट ते आज्ञा समजून पाळण्याची शक्यता असते. पूर्वी चोरी करायला व्हायरस लिहावा लागत असे. आता एक वाक्यही पुरू शकते.

हे कल्पनेतले भय नाही

२०२६ च्या जानेवारीत ओपनक्लॉ नावाचा एक खुला एजंट जगभर गाजला. आधी त्याचे नाव क्लॉडबॉट होते, मग मोल्टबॉट झाले आणि शेवटी ओपनक्लॉ. त्याच्यासाठी स्किल ठेवायला क्लॉहब नावाचा बाजार उघडला गेला. तिथे कोणीही स्किल ठेवू शकत होते; गिटहबवर आठवडाभर जुने खाते असले की पुरे. फेब्रुवारीत कोई सिक्युरिटी या संस्थेने तिथली २,८५७ स्किल तपासली. त्यांपैकी ३४१ घातक निघाली. म्हणजे साधारण दर आठ-नऊ स्किलमागे एक.

ही स्किल कशी होती, हे पाहण्यासारखे आहे. नाव चांगले, वर्णन नीटनेटके, काम उपयोगाचे. फक्त सुरुवातीला 'आधी लागणाऱ्या गोष्टी' असा एक भाग. त्यात लिहिलेले : विंडोज असेल तर ही झिप फाइल उतरवा, तिचा पासवर्ड हा, मॅक असेल तर ही ओळ कॉपी करून टर्मिनलमध्ये पेस्ट करा. झिपला पासवर्ड लावला की अँटिव्हायरसला आत पाहता येत नाही. मॅकवर त्या ओळीतून साठवलेले पासवर्ड आणि खात्यांच्या किल्ल्या चोरणारे सॉफ्टवेअर येत होते. आमच्या खोलीवरच्या लॅपटॉपवर पेस्ट केलेली ओळ याच घराण्यातली होती की नव्हती, ते मला ठाऊक नाही. पण मागण्याची पद्धत तीच होती.

त्यानंतर ओपनक्लॉने व्हायरसटोटलच्या मदतीने स्किल तपासायला सुरुवात केली. चांगले झाले. पण अशी तपासणी म्हणजे रामबाण उपाय नव्हे, हे त्यांनी स्वतःच सांगितले. साध्या भाषेत लिहिलेली लबाडी व्हायरस शोधणाऱ्या यंत्राला कशी सापडणार?

दुसरे उदाहरण सप्टेंबर २०२५ चे. पोस्टमार्क ही मेल पाठवण्याची एक सेवा आहे. तिचे नाव लावून 'पोस्टमार्क-एमसीपी' हे ॲड-ऑन कोणा तिऱ्हाइताने प्रसिद्ध केले. कंपनीचा त्याच्याशी संबंध नव्हता. त्याच्या पहिल्या पंधरा आवृत्त्या अगदी व्यवस्थित चालल्या. लोकांचा विश्वास बसला. मग १.०.१६ या आवृत्तीत एकच ओळ वाढवली गेली. त्या ओळीमुळे एजंटने पाठवलेल्या प्रत्येक मेलची एक छुपी प्रत त्या माणसाच्या पत्त्यावर जाऊ लागली. ॲड-ऑन बंद पडले नाही, चूक दाखवली नाही, काम पूर्वीसारखेच करत राहिले. ज्याची चोरी होत होती त्याला काहीच जाणवले नाही.

तिसरे उदाहरण डिसेंबर २०२४ चे. सायबरहेवन ही कंपनीच मुळी इतर कंपन्यांची माहिती फुटू नये म्हणून काम करते. तिच्या एका कर्मचाऱ्याला फसव्या मेलने गंडवून चोरांनी तिचे क्रोम एक्स्टेन्शन ताब्यात घेतले आणि नाताळच्या सुट्टीत त्याचे घातक अपडेट सोडले. ज्यांनी खऱ्या कंपनीचे खरे एक्स्टेन्शन घेतले होते, त्यांच्याही संगणकात ते आपोआप पोचले.

या तीन उदाहरणांतून तीन गोष्टी शिकाव्यात. बाजारात ठेवलेले आहे म्हणून ते तपासलेले असेल, असे धरू नये. आज चांगले आहे म्हणून उद्या चांगले राहील, असे धरू नये. आणि नाव मोठे आहे म्हणून धोका नाही, असेही धरू नये.

आपल्यासाठी हा प्रश्न वेगळा का आहे

कोणी म्हणेल, हे सगळे आयटी कंपन्यांचे दुखणे आहे. तुळजापूर, नळदुर्ग, अणदूरच्या कार्यकर्त्याकडे चोरण्यासारखे आहे काय? हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागतो. त्याचे उत्तर महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासातच आहे.

१ जानेवारी २०१८ च्या भीमा कोरेगावनंतर एल्गार परिषद प्रकरणात ६ जून २०१८ रोजी सुधीर ढवळे, ॲड. सुरेंद्र गडलिंग, शोमा सेन, महेश राऊत आणि रोना विल्सन यांना अटक झाली. विल्सन यांच्या लॅपटॉपमध्ये सापडलेली पत्रे हा त्या खटल्यातला महत्त्वाचा पुरावा. पुढे बचाव पक्षाच्या वकिलांच्या विनंतीवरून अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या डिजिटल न्यायवैद्यक संस्थेने त्या लॅपटॉपची प्रत तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या तिच्या अहवालाचे म्हणणे असे : १३ जून २०१६ रोजी वरवरा राव यांच्या मेल खात्यावरून विल्सन यांना एक मेल आला, ते खाते त्या वेळी दुसराच कोणी वापरत होता. मेलसोबतची फाइल उघडताच नेटवायर नावाचे सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्ये बसले. पुढचे जवळपास बावीस महिने तो लॅपटॉप परक्याच्या ताब्यात होता आणि ती पत्रे एका लपवलेल्या फोल्डरमध्ये बाहेरून ठेवली गेली. विल्सन यांनी ती कधी उघडल्याची खूणही अहवालाला मिळाली नाही. त्याच वर्षी गडलिंग यांच्या संगणकाबाबतही आर्सेनलने असाच निष्कर्ष काढला.

राष्ट्रीय तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केलेले नाहीत, आणि पुराव्याचा निवाडा न्यायालयातच व्हायचा आहे. मी येथे त्या खटल्याचा निकाल लावायला बसलेलो नाही. मला फक्त दोन तारखा समोर ठेवायच्या आहेत. अटक जून २०१८ मध्ये झाली. लॅपटॉपमध्ये परका हात होता असे सांगणारा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. मधली अडीच वर्षांहून अधिक काळ माणसे तुरुंगात होती. संगणकात काय शिरले हे शोधायला इतका वेळ लागतो, आणि ते शोधायला लागणारा पैसा व तज्ज्ञ आपल्यातल्या किती जणांना मिळतील?

आता हे आपल्या विषयाशी जोडून पाहा. २०१६ मध्ये कोणाला तुमच्या संगणकात शिरायचे असेल तर ओळखीच्या माणसाच्या नावाने मेल लिहावा लागत होता. आता आपण स्वतःच बाजारात जाऊन तो पाहुणा घरी आणतो. आणि एजंट फक्त फाइल वाचत नाही, फाइल लिहितोही. ज्याच्या हातात तुमच्या एजंटची दोरी आहे तो तुमच्या संगणकातून काही नेऊ शकतो, तसेच काही ठेवूही शकतो. आणि सकाळी तुम्हाला तुमचे फोल्डर नेहमीसारखेच दिसते.

यापेक्षाही गंभीर बाजू वेगळी आहे. आपल्या लॅपटॉपमधले कागद आपले नसतात. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा. त्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५अ आले आणि ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षण देणे हे त्यात राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. साक्षीदारांची नावे आणि पत्ते गुप्त ठेवण्याचे आदेश विशेष न्यायालय देऊ शकते, अशी तरतूद त्यात आहे. ही तरतूद का करावी लागली, हे गावात राहणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. साक्षीदाराचा फोन नंबर चुकीच्या माणसाकडे गेला की रात्री त्याच्या दारात कोण येते, त्याची मजुरी कोण बंद करते, त्याच्या शेताची वाट कोण अडवते, हे आपल्याला माहीत आहे.

कायद्याने जे नाव झाकायला सांगितले, ते आपल्याच लॅपटॉपमधून फुकटच्या स्किलच्या मोहापायी बाहेर गेले, तर त्याचा जबाब कोण देणार? ज्या आईने आपल्यावर विश्वास टाकून एफआयआरची प्रत दिली, तिला आपण "आम्हाला तांत्रिक माहिती नव्हती" असे सांगणार आहोत काय? ती आपल्याकडे आली, कारण तिला वाटले की या पोरांना कळते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप : मग एआय वापरूच नये काय? माझे उत्तर स्पष्ट आहे : वापरावे, आणि भरपूर वापरावे. मोठ्या वकिलाकडे चार ज्युनियर असतात, पुढाऱ्याकडे दोन स्वीय सहायक असतात. आपल्याकडे एक खोली आणि संध्याकाळचे दोन तास असतात. दोषारोपपत्र वाचून देणारा, माहिती अधिकाराचा अर्ज लिहून देणारा कारकून जर आपल्याला स्वस्तात मिळत असेल, तर तो नाकारणे हा शहाणपणा नाही. बाबासाहेबांनी यंत्राला कधी शत्रू मानले नाही. काँग्रेस आणि गांधीजींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची चिकित्सा करणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. यंत्रामुळे कष्टकऱ्याला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. दोष यंत्राचा नसून ते कोणाच्या हाती आहे त्या व्यवस्थेचा आहे, ही त्यांची भूमिका आपल्याला आजही पुरते. म्हणून एजंट कोणाच्या हाती आहे, हाच प्रश्न विचारायचा आहे.

दुसरा आक्षेप : हे काम सरकारचे आणि कंपन्यांचे आहे. खरे आहे, त्यांचेही आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. पण कायदा नुकसान झाल्यावर दाद मागायला असतो. साक्षीदाराचे नाव एकदा गावभर झाले की कोणताही कायदा ते परत झाकू शकत नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त बोचतो : आपल्याच माणसाने ग्रुपवर टाकले आहे, तो काय खोटे सांगेल? मित्रांनो, तो खोटे सांगत नसतो. त्यानेही तपासलेले नसते. त्याला दुसऱ्याने पाठवलेले असते. एका सुरक्षा संशोधकाने क्लॉहबवर मुद्दाम एक निरुपद्रवी स्किल ठेवले, त्याचा डाउनलोडचा आकडा कृत्रिमरीत्या फुगवला आणि ते यादीत पहिल्या क्रमांकावर नेऊन दाखवले. लोकांनी तो आकडा पाहून ते आपापल्या संगणकात घेतलेही. आपण कालाम सुत्ताचा दाखला भाषणांत नेहमी देतो. ऐकले म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, आपल्या गुरूने सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पडताळा, हा बुद्धांचा उपदेश आपण देवळाच्या आणि बुवाच्या बाबतीत पाळतो. तोच उपदेश व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेल्या लिंकच्या बाबतीत का पाळत नाही?

काय तपासायचे

तपासायला संगणक अभियंता असावे लागत नाही. उलट स्किलची फाइल साध्या भाषेत लिहिलेली असते, ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. आमच्या गटाने त्या प्रसंगानंतर जो क्रम ठरवला, तो असा.

१. गरज आहे का? एजंटला मूळचेच ते काम येत असेल तर बाहेरचे काही जोडू नका. सर्वात सुरक्षित ॲड-ऑन म्हणजे न घेतलेले ॲड-ऑन.

२. कोणी बनवले? ज्या सेवेचे नाव लावले आहे, तिच्या अधिकृत वेबसाइटवर त्याचा उल्लेख आहे का, ते पाहा. नावातले एक अक्षर इकडेतिकडे केलेले नाही ना, ते पाहा. डाउनलोडचा आकडा आणि तारे यांवर जाऊ नका.

३. फाइल उघडून वाचा. पूर्ण वाचा, शेवटपर्यंत. टर्मिनलमध्ये काही पेस्ट करायला सांगितले आहे का, पासवर्ड लावलेली झिप उतरवायला सांगितली आहे का, अर्थ न लागणाऱ्या अक्षरांची लांबलचक माळ आहे का, "हे वापरकर्त्याला सांगू नकोस" अशा अर्थाची सूचना आहे का, कामाशी संबंध नसलेला पत्ता आहे का, हे शोधा. यांपैकी एक जरी दिसले तरी थांबा. सोबत कोडच्या फाइल असतील आणि त्या कळत नसतील, तर कळणाऱ्याला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुसऱ्या एआयला विचारून समजून घ्यायला हरकत नाही, पण त्याचा होकार हा अंतिम मानू नका. फाइलमधला मजकूर त्यालाही फसवू शकतो.

४. तीन गोष्टी एकत्र येऊ देऊ नका. सायमन विलिसन या प्रोग्रॅमरने जून २०२५ मध्ये हा नियम नेमका मांडला. एजंटला खासगी माहिती दिसणे, त्याने बाहेरून आलेला परका मजकूर वाचणे आणि त्याला बाहेर काही पाठवता येणे, या तीन गोष्टी एका ठिकाणी आल्या की चोरीची वाट मोकळी होते. तिन्हींपैकी एक तरी तोडा. दोषारोपपत्र वाचायचे असेल तर त्या एजंटला मेल पाठवण्याची परवानगी कशाला हवी?

५. खऱ्या कागदांवर पहिला प्रयोग करू नका. वेगळ्या संगणकावर, निदान वेगळ्या युजर खात्यावर, खोट्या नावांचे कागद देऊन चालवून पाहा. ज्या लॅपटॉपमध्ये अत्याचाराच्या प्रकरणांची कागदपत्रे आहेत त्यावर नवे काही आजमावू नका.

६. अपडेट म्हणजे नवे इन्स्टॉल समजा. आपोआप अपडेट होणे बंद करता येत असेल तर ॲड-ऑनपुरते बंद करा आणि नवी आवृत्ती घेण्यापूर्वी पुन्हा पाहा. जे वापरत नाही ते काढून टाका. हा नियम फक्त ॲड-ऑनपुरता आहे. विंडोज, ब्राउझर आणि मोबाइलचे सुरक्षा अपडेट मात्र वेळच्या वेळी घ्याच.

७. नोंद ठेवा. एक साधी वही पुरते. काय जोडले, कोणी जोडले, कोणत्या तारखेला, कुठून घेतले, कोणी वाचले. दोन सह्यांशिवाय गटाच्या लॅपटॉपवर काही जोडायचे नाही.

आणि चूक झालीच तर लपवू नका. इंटरनेट ताबडतोब तोडा. दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून मेल आणि इतर खात्यांचे पासवर्ड बदला, सगळीकडून लॉग आउट करा. पैशाचा प्रश्न असेल तर १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. आणि ज्यांचे कागद त्या संगणकात होते त्यांना स्वतः जाऊन सांगा. शेवटचे काम सर्वात अवघड आहे, पण तेच सर्वात आधी करावे लागते. कारण धोका त्यांच्या दाराशी येणार असतो.

फुकट म्हणजे काय

आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळे येथे, २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली. वतनाच्या प्रश्नावर ते त्याआधीपासून लढत होते; १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी त्यासाठी विधेयकही मांडले होते. वतन म्हणजे वरवर पाहता काय होते? थोडीशी जमीन, थोडेसे बलुते. आमच्या पूर्वजांना तो मान वाटत होता. त्याच्या बदल्यात काय द्यायचे, किती द्यायचे, केव्हा द्यायचे, याची मात्र कुठेच मर्यादा नव्हती. दिवसा, रात्री, घरातल्या कोणीही, सांगतील ते काम. बाबासाहेबांनी आपल्या माणसांना विचारायला शिकवले ते हेच : मिळते किती आणि द्यावे लागते किती?

मी स्किल आणि वतन यांची बरोबरी करत नाही. तो यातनेचा इतिहास कशाशीही तुलना करण्यासारखा नाही. पण तो प्रश्न मात्र मी उसना घेतो. फुकट मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीसमोर तो विचारला पाहिजे. हे मला काय देते आहे? बदल्यात माझ्याकडून काय नेते आहे? आणि जे नेते आहे, ते माझे आहे की दुसऱ्याचे?

आमच्या त्या तरुण कार्यकर्त्याने आता वहीत पहिली नोंद स्वतःच्या हाताने केली आहे. तारीख, त्या स्किलचे नाव आणि पुढे एक शब्द : नाकारले. दोषारोपपत्राचा सारांश त्याने नंतर बाहेरचे काही न जोडता, इंटरनेट बंद ठेवून, लॅपटॉपमध्येच चालणाऱ्या एका साध्या साधनाने मजकूर वेगळा काढून आणि स्वतः वाचून केला. दोन मिनिटांऐवजी तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत साक्षीदार क्रमांक चारच्या जबाबातली तारीख आणि पंचनाम्यातली तारीख जुळत नाही, हे त्याच्या लक्षात आले. वकिलांना त्याने ते कळवले आहे.

वही टेबलावरच ठेवली आहे. तुमच्या गटातही उद्या एक वही आणा.

जय भीम.